काटा नव्हे, काट्याखालची गादी पाहा: निवडुंग ओळखणं, वाढवणं आणि जमवणं



परिसर अभ्यासात 'वाळवंटातील वनस्पती' हा भाग आला की फळ्यावर एक ठरलेलं चित्र निघतं. वाळूची टेकडी, एक उंट आणि त्याच्याशेजारी दोन हात वर केलेला निवडुंग. मुलं ते चित्र वहीत उतरवतात आणि त्यांची पक्की समजूत होते की निवडुंग राजस्थानात उगवतो. खरं तर चित्रातला तो हात वर केलेला निवडुंग अमेरिका आणि मेक्सिकोच्या सीमेवरच्या सोनोरन वाळवंटातला. थरच्या वाळवंटात तो आपणहून उगवत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खरा निवडुंग, ज्याला इंग्रजीच्या वाटेने आपण कॅक्टस म्हणतो, त्याची एकही जात मूळची भारतातली नाही. कॅक्टस कुळात सुमारे दीड हजारावर जाती आहेत आणि त्या जवळजवळ सगळ्या अमेरिका खंडातल्या. रिप्सॅलिस नावाची एक लोंबती, बिनकाट्यासारखी जात तेवढी आफ्रिका, मादागास्कर आणि श्रीलंकेत आपली आपण पोहोचलेली आहे.

मग गडहिंग्लजहून नूल-हलकर्णीकडे जाताना शेताच्या बांधावर दिसतो तो निवडुंग कोण?

इथूनच हा छंद सुरू होतो, आणि त्याला एक पैसा लागत नाही. मुलांना घेऊन गावाबाहेर अर्धा तास फिरा. आपल्या भागात चार झाडं हमखास सापडतील. पहिला शेर, पेन्सिलीएवढ्या हिरव्या गोल काड्यांचा, कुंपणाला लावलेला. दुसरा तीनधारी निवडुंग, जाड मांसल खोडाचा, धारेवर जोडीजोडीने काटे असलेला. तिसरी घायपात, तलवारीसारख्या लांब पानांची, पानाच्या टोकाला एकच टोचरा काटा. आणि चौथा फड्या निवडुंग, भाकरीसारख्या चपट्या फड्यांचा, लाल बोंडं येणारा. या चारांना आपण बोलताना सरसकट 'निवडुंग' किंवा 'काटेरी झुडूप' म्हणून मोकळे होतो. पण यांतला कॅक्टस एकच, तो चौथा. शेर आणि तीनधारी हे एरंडाच्या कुळातले, युफोर्बिया. तीनधारी आपल्या मातीतलाच. शेर मूळचा आफ्रिकेतला, पण आपल्याकडे फार जुना. घायपात फड्याप्रमाणेच अमेरिकेतून आलेली, पण तिचं कुळ निराळं.

फरक कसा ओळखायचा? बहुतेक जण सांगतात, "मोडून बघा, दूध आलं तर कॅक्टस नव्हे." ही खूण वापरू नका, मुलांना तर मुळीच शिकवू नका. एक तर शेराचा आणि तीनधारीचा चीक डोळ्यात गेला तर भयंकर आग होते, डोळ्याला इजा होते. चुकून गेलाच, तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवत राहायचं आणि तडक दवाखाना गाठायचा. दुसरं म्हणजे ही खूण पुरतीही खरी नाही. मॅमिलारिया नावाचा जो गोल कॅक्टस नर्सरीत सर्रास मिळतो, त्याच्या कित्येक जातींना टोचल्यावर पांढरा चीक येतो. तरी ते अस्सल कॅक्टसच आहेत.

खरी खूण काट्याच्या मुळाशी असते. कॅक्टसचा काटा थेट खोडातून फुटत नाही. आधी एक छोटी लोकरीसारखी गादी असते, तिला अरिओल म्हणतात, आणि त्या गादीतून काट्यांचा झुपका निघतो. फूल त्याच गादीतून, नवी फांदी त्याच गादीतून. शास्त्रीय भाषेत ही गादी म्हणजे आखडलेली फांदीच आहे आणि काटे ही तिची बदललेली पानं. युफोर्बियाला ही गादी नसते. त्याचे काटे दोन-दोनच्या जोडीने, एका कडक चकतीवर बसलेले असतात. शाळेतलं दहा रुपयांचं भिंग पुरतं. मुलाला एकदा गादी दिसली की पुन्हा विसरत नाही. मग बसथांब्यावर, दवाखान्याच्या दारात, लग्नाच्या हॉलमधे, जिथे कुंडी दिसेल तिथे ते वाकून बघायला लागतं.

आता याच खुणेने घरातलं एक झाड तपासा. आपल्याकडे पुष्कळ घरांत ब्रह्मकमळ असतं. पावसाळ्यात एखाद्या रात्री फूल उमलणार म्हटलं की शेजारीपाजारी गोळा होतात, कुणी हळदकुंकू वाहतं, फोटो काढले जातात. फूल नऊ-दहाच्या सुमाराला उमलू लागतं, मध्यरात्री पूर्ण फुलतं आणि सकाळी मान टाकतं. ज्याला आपण ब्रह्मकमळाचं पान म्हणतो ते पान नाहीच, ते चपटं झालेलं खोड आहे. त्याच्या कडेला ज्या खाचा असतात, त्या खाचेत भिंगाने बघा. तिथे ती गादी आहे, आणि कळी तिथूनच येते. हे झाड एपिफायलम ऑक्सिपेटालम, मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या दमट जंगलात झाडांच्या फांद्यांवर वाढणारा कॅक्टस. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ, जे उत्तराखंडाचं राज्यफूल आहे, ते सूर्यफुलाच्या कुळातलं. त्याचा आणि याचा काही संबंध नाही.

हे मुद्दाम सांगण्याचं कारण असं की या छंदाला घरातून पहिली हरकत येते ती "काटेरी झाड घरात नको" अशी. त्याने भांडणं होतात, बरकत जाते वगैरे. ज्या घरात हे बोललं जातं त्याच घराच्या दारात ब्रह्मकमळाची कुंडी असते आणि तिची पूजा होते! पालकांशी वाद घालायची गरज पडत नाही. मुलाच्या हातात भिंग द्यायचं आणि त्यालाच आजीला ती खाच दाखवू द्यायची. आजी लोक फार समजूतदार असतात, पुराव्याला मान देतात. बाजारातलं ड्रॅगन फ्रूटही कॅक्टसचंच फळ. जत-सांगोल्याकडे सिमेंटच्या खांबांवर चढवलेल्या त्याच्या बागा आहेत, आणि गुजरात सरकारने 2021 साली त्याचं 'कमलम' असं बारसंही केलं. थोडक्यात, कॅक्टस आपण पूजतोही आणि खातोही. फक्त ओळखत नाही.

बांधावरचा फड्या इथे कसा आला, ही गोष्ट इतिहासाच्या तासालाही चालेल. कोचिनील नावाचा एक किडा फड्यावर जगतो आणि त्याच्यापासून किरमिजी रंग मिळतो. या रंगावर स्पेनने मेक्सिकोतून अमाप पैसा केला. ईस्ट इंडिया कंपनीलाही तो धंदा हवा होता. 1795 साली कॅप्टन नील्सन याने ब्राझीलमधून फड्यावरचे किडे कलकत्त्याला आणले. पण आला तो रंगाचा खरा किडा नव्हता, त्याचा रानटी भाऊबंद होता. रंग हलका निघाला, धंदा बसला. किडा मात्र कामाला लागला आणि फड्याची एक जात त्याने पार खाऊन टाकली. पुढे फड्याच्या दुसऱ्या जातीने दक्षिण भारतात शेतंच्या शेतं आणि कुरणं व्यापली. तिला तो पहिला किडा तोंड लावेना. शेवटी 1926 साली श्रीलंकेतून कोचिनीलची आणखी एक जात आणली गेली आणि काही वर्षांत त्या रानाचा फडशा पडला. ऑस्ट्रेलियात तर फड्याने अडीच कोटी हेक्टरांच्या आसपास जमीन गिळली होती. तिथे अर्जेंटिनातून आणलेल्या एका पतंगाच्या अळ्यांनी शेतकऱ्यांना सोडवलं. क्वीन्सलंडमधे बूनार्गा या गावी लोकांनी त्या किड्याच्या नावाने सभागृह बांधलं आहे. किड्याचं स्मारक जगात किती असतील?

म्हणून या छंदातला एक नियम आजच लिहून ठेवा: छाटलेला फडा किंवा जास्त झालेली पिल्लं ओढ्याकाठी, माळावर टाकायची नाहीत. फड्याचा एक तुकडा मातीला टेकला तरी मूळ धरतो. द्यायचं तर कुणाला कुंडीसकट द्या. फड्याची बोंडं गुराख्याची पोरं खातात, ओठ लाल करून घेतात, त्याला हरकत नाही. पण त्यावरची बारीक कुसळं काट्यापेक्षा वाईट. हाताला लागलीच तर चोळू नका, चिकटपट्टी लावून उचला.

आता वाढवण्याचं. कॅक्टसच्या पुस्तकांतल्या सूचना आपल्याला जशाच्या तशा लागू पडत नाहीत, कारण त्या बहुतेक थंड देशांतल्या माणसांनी लिहिल्या आहेत. त्यांची चिंता हिमाची. आपली चिंता पावसाची. आणि आपल्या तालुक्यातही सगळीकडे सारखं नाही. नेसरीकडे, पुढे आजरा-चंदगडकडे पाऊस आठवडाआठवडा उसंत घेत नाही, हलकर्णीच्या बाजूला तो आखडतो. कॅक्टस उन्हाने क्वचित मरतो, पाण्याने हमखास मरतो. तोही कसा, तर वरून हिरवागार दिसत असताना बुडाशी कुजत जातो आणि एक दिवस हात लावला की लवंडतो.

त्यामुळे मातीवरच सगळं अवलंबून. आपली काळी माती कुंडीत भरू नका. ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की विटेसारखी आवळते. चाळणीवर उरलेली जाड वाळू एक भाग, जांभ्याचा किंवा विटेचा ज्वारीच्या दाण्याएवढा चुरा एक भाग, चांगलं कुजलेलं पानांचं किंवा शेणाचं जुनं खत एक भाग. पश्चिमेकडे जांभा दगड मुबलक, बांधकामावर त्याचा चुरा फुकट मिळतो. कुंडीत पाणी ओतल्यावर ते काही सेकंदांत खालून बाहेर पडलं पाहिजे, नाही पडलं तर चुरा वाढवा. कुंडी झाडापेक्षा बोटभरच मोठी हवी. लहान झाड मोठ्या कुंडीत ठेवलं की मुळं पोहोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते.

जूनपासून सप्टेंबरअखेर कुंड्या पारदर्शक पत्र्याखाली किंवा ओसरीच्या उजेडाच्या कडेला. पाणी पंधरा दिवसांतून थोडंसं, तेही माती खरोखर कोरडी झाली तर. ऑक्टोबरपासून ऊन द्या, पाणी वाढवा. डिसेंबर-जानेवारीत पुन्हा हात आखडता. फेब्रुवारीनंतर कळ्या दिसू लागतात, तेव्हा माती वाळली की पोटभर पाणी, शक्यतो संध्याकाळी. एप्रिल-मेच्या उन्हात लहान रोपांवर हिरवी शेडनेट हवी, नाहीतर त्यांच्यावर पांढुरके भाजलेले डाग पडतात आणि ते आयुष्यभर जात नाहीत. ब्रह्मकमळ आणि ड्रॅगन फ्रूटला हे वेळापत्रक लावू नका. ते जंगलातले, त्यांना जास्त खत आणि जास्त पाणी चालतं. ब्रह्मकमळाला सावलीही लागते. पिठ्या ढेकूण दिसला, म्हणजे कापसासारखे पांढरे ठिपके, तर स्पिरिटमधे बुडवलेल्या कापसाने टिपून काढा. हा ढेकूण कोचिनीलचा लांबचा नातलग, हे मुलांना जरूर सांगा.

पाणी संध्याकाळी का? इथे एक प्रयोग आहे. बहुतेक झाडं दिवसा रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. कॅक्टस दिवसा रंध्रं मिटून बसतो, म्हणजे उन्हात पाणी उडून जात नाही, आणि रात्री ती उघडतो. रात्री घेतलेला वायू आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा सूर्यप्रकाश आला की तो वापरून अन्न तयार करतो. कॅक्टस कापून हे बघायची गरज नाही. आपल्या परसातली पानफुटी अगदी हेच करते. किंबहुना ही गोष्ट पहिल्यांदा नोंदवली गेली ती भारतातच आणि पानफुटीवरच. बेंजामिन हाइने या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1815 साली प्रसिद्ध झालेल्या पत्रात लिहिलं होतं की हिचं पान सकाळी आंबट लागतं आणि दिवस चढला की आंबटपणा जातो. त्याने चावून पाहिलं, आपण चावायचं नाही, पानफुटीत विषारी द्रव्यंही असतात. हिवाळ्यातल्या स्वच्छ दिवशी सकाळी सात वाजता एक पान ठेचून त्याचा रस पीएच कागदावर घ्या, दुपारी चारला त्याच झाडाचं दुसरं पान. दोन कागद शेजारी शेजारी वहीत चिकटवा. सकाळचा आकडा खाली, दुपारचा वर.

झाडं विकत घेताना डोळे उघडे ठेवा. लाल किंवा पिवळ्या चेंडूचा जो मून कॅक्टस सगळ्यांना आवडतो, ती दोन झाडं आहेत. वरचा चेंडू जिम्नोकॅलिशियम, त्यात हरितद्रव्य नाही, म्हणून तो स्वतःचं अन्न करूच शकत नाही. खालचा हिरवा तीनधारी दांडा ड्रॅगन फ्रूटच्या जातभाईचा, तो कलम करून त्याला पोसतो. प्रकाशसंश्लेषण शिकवायला याच्यासारखं साधन नाही, पण तो दोन-चार वर्षांचा पाहुणा समजा. काही कुंड्यांत कॅक्टसच्या डोक्यावर गोंदाने वाळकी रंगीत फुलं चिकटवलेली असतात. फूल गादीतून किंवा दोन गाठींच्या मधून आलंय की वरून ठेवलंय, एवढं पाहिलं की कळतं.

ओळखायला सुरुवात तीन-चार गणांपासून करा. अंगावर धारा नसून मोत्यासारख्या वेगवेगळ्या गाठी आणि फुलांचं डोक्याभोवती गोल कडं, तो मॅमिलारिया. कळीवर लोकर नाही, काटा नाही, गुळगुळीत खवले, तो जिम्नोकॅलिशियम. फुलाची नळी वीतभर लांब आणि केसाळ, संध्याकाळनंतर उमलणारी, तो एकिनॉप्सिस. अंगावर चुना शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके आणि चांदणीचा आकार, तो ॲस्ट्रोफायटम. जातीचं नाव लगेच नाही कळलं तरी चालतं. फुलाशिवाय जात ठरवण्याच्या भानगडीत मीही पडत नाही. मधले काटे किती, कडेचे किती, एखाद्याला आकडी आहे का, एवढं मोजून वहीत लिहा आणि फुलाची वाट बघा.

आणि प्रत्येक कुंडीत पट्टी हवी. आईस्क्रीमच्या डब्याची कापलेली पांढरी पट्टी, त्यावर शिसपेन्सिलीने नाव, कुठून आणलं आणि तारीख. पेनाची शाई एका उन्हाळ्यात उडते, पेन्सिल टिकते. पट्ट्या नसलेल्या शंभर कुंड्या ही बाग झाली. पट्ट्या असलेल्या दहा कुंड्या हा संग्रह.

संग्रहाची ही हाव जगात फार महागात पडली आहे. 2015 साली दीड हजाराच्या जवळपास कॅक्टस जातींचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात 31 टक्के जाती धोक्यात निघाल्या. शेती आणि गुरं ही कारणं आहेतच, पण छंदासाठी होणारी चोरी हेही मोठं कारण. 2020 साली इटलीत पोलिसांनी एका घरातून हजारावर कॅक्टस पकडले, चिलीच्या अटाकामा वाळवंटातून उपटून आणलेले, त्यांतले काही शंभर वर्षांहून जुने. पुढच्या वर्षी त्यांतले शेकडो चिलीला परत पाठवण्यात आले. उलट उदाहरणही आहे. गोल पिवळ्या काट्यांचा गोल्डन बॅरल, ज्याला युरोपात सासूबाईंची खुर्ची म्हणतात, त्याचं मेक्सिकोतलं रान 1990च्या दशकात झिमापान धरणाखाली गेलं. रानात तो आज संकटग्रस्त आहे. पण बियांपासून केलेली त्याची लाखो रोपं जगभर आहेत, आपल्या नर्सरीतही.

आपल्याला चिली दूर वाटेल, पण सह्याद्रीतही हीच गोष्ट आहे. शिंदळ माकुडी ही पाणी साठवणाऱ्या मांसल खोडाची वनस्पती फक्त महाराष्ट्रात सापडते, तीही मोजक्या कड्यांवर. ती कॅक्टस नव्हे, रुईच्या कुळातली. डालझेल याने ती जुन्नर परिसरातून उजेडात आणली आणि मुंबईचा तेव्हाचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर याचं नाव तिला दिलं, फ्रेरिया इंडिका. पावसात पानं, उन्हाळ्यात नुसतं खोड, किरमिजी फुलावर पिवळे ठिपके. परदेशी छांदिष्ट तिच्यासाठी जीव टाकतात. तिच्याच कुळातल्या खरपुड्या, म्हणजे कंदीलपुष्पं, आपल्या सड्यांवर पावसाळ्यात दिसतात. गडावर सहल गेली आणि असं काही दिसलं तर फोटो घ्या, जागा वहीत लिहा, पण ती जागा मोबाईलवर सगळ्यांना पाठवू नका आणि कंद उकरू नका. कंदीलपुष्पं जवळून पाहायची तर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात जा. तिथे त्यांचा जोपासलेला संग्रह आहे.

मुलांनी संग्रह करावा तो बियांपासूनच. फेब्रुवारीच्या शेवटी, थंडी सरली की पेरा. मिठाईचा पारदर्शक झाकणाचा डबा घ्या, बुडाला भोकं पाडा. तीच माती, पण बारीक चाळलेली, गरम पाणी ओतून निर्जंतुक केलेली आणि पुन्हा थंड झालेली. बी नाचणीच्या दाण्याएवढं किंवा त्याहून बारीक, ते वरच ठेवायचं, पुरायचं नाही. झाकण लावून डबा उजेडात, पण थेट उन्हात नाही. ॲस्ट्रोफायटम आठवड्याभरात उगवतो. तेव्हा भिंग काढा: हिरव्या ठिपक्याला दोन चिमुकल्या बीजपत्रांची टोकं दिसतील. कॅक्टस द्विदल आहे हे मुलांना पुस्तकातून पटत नाही, इथे दिसतं. काही आठवड्यांत त्या ठिपक्याच्या डोक्यावर पहिली गादी येईल आणि तिच्यात केसासारखे मऊ काटे. मग झाकण रोज थोडं थोडं उघडायला लागा. पहिल्या पावसाआधी डबा ओसरीत घ्या, आणि वर्षभर रोपं उपटून मुळं किती वाढली ते बघायचा मोह मुलांना होऊ देऊ नका.